केज, मराठी अक्षर आणि मुक्त सॉफ्टवेअर

कृतिदेव फाँटमध्ये ‘काम’ हा शब्द लिहायचा तर कीबोर्डवर डी, के आणि ई ही तीन बटणं दाबायची. पडद्यावर ‘काम’ उमटतं, कागदावरही ‘काम’ छापून येतं. संगणकाच्या लेखी मात्र तिथे मराठी काहीच नसतं. त्याने डी, के, ई एवढंच साठवलेलं असतं आणि त्यावर देवनागरीचे आकार चढवलेले असतात. तीच फाइल पेनड्राइव्हवर घेऊन दुसऱ्या दुकानात गेलं आणि तिथे कृतिदेव नसला, की ग्रामसभेचा अख्खा ठराव म्हणजे इंग्रजी अक्षरांचा नुसता ढीग होतो.

बीड जिल्ह्यातल्या केजसारख्या तालुक्याच्या गावात अर्ज, शपथपत्रं, लग्नपत्रिका, संस्थांचे अहवाल टाइप करून देणाऱ्यांनी हा त्रास वर्षानुवर्षं सोसला आहे. श्रीलिपी या फाँटमध्ये केलेलं काम आकृती या फाँटमध्ये उघडत नाही, आकृतीतलं कृतिदेवमध्ये नाही. प्रत्येकाची अक्षरांची मांडणी वेगळी. दहा वर्षांपूर्वीच्या ठरावात एखादा गट नंबर किंवा एखादं नाव शोधायचं म्हटलं तर शोधताही येत नाही, कारण फाइलमध्ये ते नाव मराठीत नोंदलेलंच नसतं. मराठीत लिहिलेलं हजारो पानांचं काम असं एकेका कंपनीच्या फाँटवर अवलंबून राहिलं.

या अडचणीतून मराठी बाहेर आली ती दोन गोष्टींमुळे. एक, युनिकोड. १९९१ साली युनिकोडची पहिली आवृत्ती आली तेव्हाच तिच्यात देवनागरी होती. प्रत्येक अक्षराला जगभर चालेल असा एक ठरलेला क्रमांक मिळाला. दुसरी गोष्ट फारशी बोलली जात नाही. ते क्रमांक पडद्यावर नीट मराठी होऊन उमटावेत यासाठी जे सॉफ्टवेअर आणि जे फाँट लागतात, त्यांतले कितीतरी मुक्त आहेत, म्हणजे कुणालाही वापरता, वाचता, दुरुस्त करता आणि वाटता येतात. मुक्त सॉफ्टवेअरचे फायदे सांगताना लोक आधी पैशांचं सांगतात. ते खरंच आहे. पण केजमध्ये बसून विचार केला तर पैसा वाचणं हा त्याचा लहान फायदा आहे, असं माझं मत आहे. मोठा फायदा दुरुस्तीच्या हक्काचा.

विहिरीवरची मोटर जळाली तर केजमध्ये ती उघडून, जुनी तार काढून, नवी वाइंडिंग भरून देणारा कारागीर मिळतो. आता अशी मोटर डोळ्यांसमोर आणा की जिचं आवरण कंपनीने कायमचं बंद केलं आहे आणि ते उघडणं हाच गुन्हा आहे. मोटर जळाली की कंपनीकडे जा, कंपनीने तो प्रकार बंद केला असेल तर नवी घ्या. बंद सॉफ्टवेअर आपल्याला असं मिळतं. प्रोग्रॅमर जे लिहितो त्याला सोर्स कोड म्हणतात. तो माणसाला वाचता येतो: अमुक घडलं तर तमुक कर, एवढ्या वेळा मोज, हे अक्षर इथे ठेव. यंत्राला चालवता यावा म्हणून त्याचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करतात आणि मग त्यातून मूळ लिखाण काही वाचता येत नाही. कंपन्या हे रूपांतर तेवढं विकतात. सोर्स कोड स्वतःकडे ठेवतात.

मुक्त सॉफ्टवेअरमध्ये सोर्स कोड सोबत मिळतो आणि त्याबरोबर लेखी परवाना मिळतो. त्या परवान्याने वापरणाऱ्याला चार हक्क दिलेले असतात. सॉफ्टवेअर कोणत्याही कामासाठी चालवावं. ते कसं चालतं हे पाहावं आणि हवं तसं बदलावं. त्याच्या प्रती इतरांना द्याव्यात. आणि आपण बदललेल्या प्रतीही द्याव्यात. शेवटचा हक्क महत्त्वाचा, कारण सगळ्यांना प्रोग्रॅमिंग येत नाही. मला मोटर उघडता येत नाही, पण गावातल्या कारागिराला येते, आणि त्याने केलेली दुरुस्ती माझ्या उपयोगी पडते.

हे हक्क लिहून काढणारा माणूस म्हणजे रिचर्ड स्टॉलमन. १९८०च्या सुमाराला तो अमेरिकेत एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत काम करत होता. तिथल्या झेरॉक्स कंपनीच्या नव्या प्रिंटरमध्ये कागद अडकायचा आणि दुसऱ्या मजल्यावर बसलेल्या माणसाला ते कळायचंच नाही. जुन्या प्रिंटरच्या सॉफ्टवेअरमध्ये त्याने स्वतः सोय करून ठेवली होती: कागद अडकला की ज्याचं काम आहे त्याला निरोप जायचा. नव्या प्रिंटरचा सोर्स कोड मात्र मिळेना. ज्याच्याकडे होता त्याने तो कुणाला न देण्याच्या करारावर सही केली होती. स्टॉलमनने २७ सप्टेंबर १९८३ रोजी संपूर्ण मुक्त प्रणाली उभारण्याचा ग्नू प्रकल्प जाहीर केला, १९८५ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन स्थापन केलं आणि १९८९ मध्ये जीपीएल हा परवाना आणला. जीपीएलची मेख अशी की कॉपीराइटचा कायदाच वापरून तो वाटपाची सक्ती करतो: तुम्ही हे सॉफ्टवेअर बदलून दुसऱ्याला दिलंत तर सोर्स कोडही द्या आणि त्याला तेच हक्क द्या. एमआयटी, बीएसडी अशा नावांचे परवाने एवढी अट घालत नाहीत. त्यांतला कोड बंद सॉफ्टवेअरमध्येही घालता येतो.

ग्नूकडे बरंच काही तयार होतं, पण यंत्राच्या थेट संपर्कात राहणारा गाभा, म्हणजे कर्नल, पुरा झालेला नव्हता. तो आला फिनलंडहून. २५ ऑगस्ट १९९१ रोजी हेलसिंकीचा २१ वर्षांचा विद्यार्थी लिनस टोर्व्हाल्ड्स याने आपण छंद म्हणून असं काही करतो आहोत हे जाहीर केलं आणि १९९२ मध्ये तो कर्नल, म्हणजे लिनक्स, जीपीएलखाली दिला. आज जगातल्या सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांच्या यादीतला प्रत्येक संगणक लिनक्सवर चालतो. नोव्हेंबर २०१७ पासून त्या यादीत दुसरं काही नाही. युसुफवडगावच्या शेतकऱ्याच्या खिशातल्या अँड्रॉइड फोनचा गाभाही लिनक्सच आहे. त्यामुळे आपण मुक्त सॉफ्टवेअर वापरावं का, हा प्रश्न उशिराचा आहे. आपण ते वापरतोच.

आता मराठीकडे परत येऊ, कारण ही गोष्ट आपल्या घरची आहे.

र. कृ. जोशी हे नाव मराठी वाचकाला कवी म्हणून माहीत असतं, सुलेखनकार म्हणून माहीत असतं. विंडोजबरोबर येणारा मंगल हा फाँट त्यांनी घडवला. सरकारी पत्रांपासून शाळेच्या दाखल्यापर्यंत आपण जो मंगल पाहतो, तो त्यांच्या हातचा. मुंबईच्या एनसीएसटी या सरकारी संस्थेत, जी पुढे सी-डॅकमध्ये विलीन झाली, त्यांनी रघू हाही देवनागरी फाँट केला आणि तो जीपीएलखाली मुक्त झाला. एकाच माणसाची दोन अक्षरं. मंगल वापरायचा तर मायक्रोसॉफ्टचा परवाना लागतो. रघू कुणीही घ्यावा, त्यात सुधारणा करावी, पुढे द्यावा. मुंबईच्याच इंडिकट्रान्स या गटाने गार्गी हा फाँट असाच मुक्त केला. पुण्यात मोठं कार्यालय असलेल्या रेड हॅट कंपनीने २००४ मध्ये लोहित फाँट दिले. पुढे मुंबईच्या एक टाइप या संस्थेने मुक्ता आणि बलू हे फाँट खुल्या परवान्यावर आणले, आणि आज लग्नपत्रिका असो की बातमीचं संकेतस्थळ, मुक्ताची वळणं ठिकठिकाणी दिसतात.

फाँट म्हणजे अक्षरांचे आकार. ते कुठे, कसे जोडायचे हे ठरवणारं सॉफ्टवेअर वेगळं असतं, आणि मराठीची खरी परीक्षा तिथे होते. ‘शेतकऱ्यांना’ हा शब्द घ्या. युनिकोडच्या दृष्टीने यात ११ क्रमांक एकामागे एक ठेवलेले आहेत: श, एकाराची मात्रा, त, क, ऱ, हलन्ताचं चिन्ह, य, काना, अनुस्वार, न आणि पुन्हा काना. छापताना ‘श’ची मात्रा डोक्यावर जायला हवी. ‘ऱ’ आणि हलन्त एकत्र आल्यावर ‘र’चा तो चंद्रकोरीसारखा आकार ‘य’च्या आधी यायला हवा, ‘सूर्या’तल्यासारखा रफार वर गेला तर शब्द चुकला. हा आडवा ‘ऱ्य’ हिंदीला लागत नाही. शिवाय मराठीचे ‘ल’ आणि ‘श’ हिंदीपेक्षा वेगळ्या वळणाचे. दिल्लीच्या बाजारपेठेकडे पाहून केलेल्या सॉफ्टवेअरमध्ये मराठीच्या या गरजा मागे पडतात.

ही जुळणी करणाऱ्या मुक्त सॉफ्टवेअरचं नाव हार्फबझ. अँड्रॉइड, क्रोम, फायरफॉक्स, लिब्रेऑफिस या सगळ्यांमध्ये ते आतून काम करतं. त्यात मराठीची एखादी जोडणी बिघडली आणि ती कुणी दाखवून दिली, तर दुरुस्ती एकदाच होते आणि पुढच्या अपडेटबरोबर ती सगळीकडे पोचते. मराठीसाठी वेगळं बाजारगणित मांडून कुणा कंपनीची परवानगी घ्यावी लागत नाही. चूक सिद्ध करणारा एक शब्द, तो कसा दिसायला हवा याचा एक नमुना, आणि तो समजावून सांगण्याची चिकाटी पुरते. छोट्या भाषांना आणि मोठ्या भाषांच्या छोट्या गरजांना याहून चांगली व्यवस्था मला माहीत नाही.

मेनू मराठीत असण्याचं कामही असंच झालं. रेड हॅटच्या पुण्यातल्या लोकांनी आणि अनेक स्वयंसेवकांनी फायरफॉक्स, ग्नोम, लिब्रेऑफिस यांचे हजारो शब्द मराठीत आणले. फ्यूएल नावाच्या प्रकल्पात भाषावार शब्दयाद्या ठरवल्या गेल्या, म्हणजे एकाच आज्ञेला तीन ठिकाणी तीन शब्द नकोत. यातले काही प्रतिशब्द मला जड वाटतात, पण तेही बदलता येतात, आणि बदलायला कुणाच्या दारात जावं लागत नाही.

केज तालुक्याला मुक्त सॉफ्टवेअरचं सर्वांत जवळचं काम कोणतं, असं कुणी विचारलं तर मी पाण्याचं नाव घेईन. मांजरा धरण याच तालुक्यात धनेगावला आहे. त्याच्या पाण्यावर लातूर अवलंबून आहे, अंबाजोगाई आहे, केज आहे. २०१६ मध्ये धरण कोरडं पडलं आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं. धरण इथलं, आणि पाणी साडेतीनशे किलोमीटरवरून. त्या वर्षानंतर गावागावांत पाण्याचा ताळेबंद हा शब्द रूढ झाला: गावाच्या शिवारात पाऊस किती पडला, त्यातलं वाहून किती गेलं, मातीत किती राहिलं, जमिनीत किती मुरलं, आणि पिकांना किती लागतं.

ताळेबंद फळ्यावर लिहिणं सोपं, काढणं कठीण. जागतिक बँकेच्या साहाय्याने २०१८ पासून राबवलेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात, म्हणजे पोकरात, मराठवाडा आणि विदर्भातले जिल्हे होते, खानदेशातला जळगाव होता, आणि मराठवाड्याचे सगळे जिल्हे असल्याने बीडही होता. गावोगावच्या ताळेबंदाची पद्धत बसवण्यासाठी आयआयटी मुंबईला बोलावण्यात आलं. तिथल्या सितारा या ग्रामीण तंत्रज्ञानाच्या केंद्रातले प्रा. मिलिंद सोहनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिशोबाची रीत तयार केली आणि ती चालवण्यासाठी क्यूजीआयएसचं प्लगइन, म्हणजे त्याला जोडायचा छोटा प्रोग्रॅम, लिहिलं.

क्यूजीआयएस हे नकाशांवर काम करणारं मुक्त सॉफ्टवेअर आहे. गॅरी शर्मन यांनी २००२ मध्ये ते सुरू केलं, परवाना जीपीएल. त्यात एकावर एक थर चढवता येतात. खाली जमिनीचा उतार, त्यावर मातीचा प्रकार आणि खोली, त्यावर कोणत्या तुकड्यात पीक आहे, कुठे पडीक, कुठे वस्ती, वर ओढे-नाले. मग महसूल मंडळातल्या पर्जन्यमापकाची रोजची नोंद द्यायची. प्लगइन जमिनीच्या प्रत्येक ठिकाणासाठी दिवसागणिक हिशोब करत जातं: आज इतका पाऊस, उतार असा, माती हलकी, म्हणून इतकं वाहिलं, उरलेल्यातलं पिकाने इतकं ओढलं, मातीची धारणा भरली, म्हणून इतकं खाली झिरपलं. हंगामाच्या शेवटी कळतं की एकाच गावात माळरानाच्या हलक्या जमिनीवरच्या सोयाबीनला किती तूट पडली आणि नदीकाठच्या काळ्या जमिनीतल्या तुरीला किती. सरासरी पावसाच्या आकड्यात हा फरक बुडून जातो. आपल्याकडे नांदूरघाटला पाऊस कोसळतो तेव्हा बनसारोळ्यात ऊन असू शकतं, हे शेतकऱ्याला ठाऊक असतं. हिशोबालाही ते ठाऊक असायला हवं.

हेच काम महागड्या बंद सॉफ्टवेअरवर करता आलं असतं का? तांत्रिकदृष्ट्या, हो. पण मग प्रत्येक तालुक्याच्या कृषी कार्यालयात, प्रत्येक प्रशिक्षणार्थीच्या लॅपटॉपवर परवाना घ्यावा लागला असता. क्यूजीआयएस डाउनलोड केलं की झालं. आणि दुसरी गोष्ट त्याहून मोलाची. पाण्याचा हिशोब हा वादाचा विषय आहे. वरच्या गावाने बंधारा बांधला म्हणून खालच्या गावाचं पाणी कमी झालं का, उसाला किती आणि तुरीला किती, हे प्रश्न गावं पेटवतात. अशा हिशोबाचं सूत्र कुणीतरी उघडून पाहू शकेल अशा साधनावर मांडलेलं असावं. आकडा कुठून आला हे विचारण्याचा हक्क ग्रामसभेला असेल, तर त्या आकड्यामागचा कोडही वाचता यायला हवा.

एवढं सगळं कुणी फुकट कशाला करेल, हा प्रश्न केजमध्ये हमखास येतो आणि तो रास्त आहे. बरंच काम पगारी लोक करतात. रेड हॅट मुक्त सॉफ्टवेअर विकत नाही, त्याची सेवा विकते: बसवून देणं, सांभाळणं, अडचण आली तर सोडवणं. आयबीएमने ही कंपनी २०१९ मध्ये ३४ अब्ज डॉलरला घेतली. आपल्या मुंबईत रुषभ मेहता यांनी २००८ मध्ये सुरू केलेली फ्रॅपे ही कंपनी ईआरपीनेक्स्ट नावाचं हिशोब-साठा-विक्री सांभाळणारं सॉफ्टवेअर जीपीएलखाली देते आणि सेवेवर चालते. केजच्या मुलांसाठी यात अर्थ आहे. आडत दुकान, दूध संकलन केंद्र, पतसंस्था यांच्या गरजेप्रमाणे असं सॉफ्टवेअर बदलून देणं, मराठीत करणं, महिन्याला जाऊन सांभाळणं, हा गावात राहून करता येणारा धंदा आहे. बंद सॉफ्टवेअरचा एजंट फक्त विकू शकतो. उघडं सॉफ्टवेअर जाणणारा ते घडवून देऊ शकतो.

दुसरा प्रश्न सुरक्षेचा. कोड सगळ्यांना दिसतो, मग चोरालाही दिसणारच. २०२४ मध्ये तर त्याही पुढचं घडलं. एक्सझेड हे फाइली दाबून लहान करण्याचं साधन बहुतेक लिनक्सवर असतं आणि ते एक माणूस फावल्या वेळात सांभाळत होता. जिया तान या नावाने कुणीतरी दोन वर्षांहून अधिक काळ चांगली मदत करत त्याचा विश्वास मिळवला, सांभाळण्याचे अधिकार मिळवले आणि दूरच्या संगणकात शिरण्याची छुपी वाट त्यात घातली. ती सापडली आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला. दूरच्या संगणकात लॉगिन करायला नेहमीपेक्षा साधारण अर्धा सेकंद जास्त का लागतो, हे त्याला खटकलं. तो शोधत गेला आणि २९ मार्च २०२४ रोजी त्याने सगळं जाहीर केलं. बिघडलेल्या आवृत्त्या तोवर रोजच्या वापराच्या बहुतेक लिनक्समध्ये पोचल्या नव्हत्या. या प्रसंगातून दोन्ही बाजू दिसतात. कोड उघडा असला म्हणून आपोआप कुणी तपासतं असं नाही. लाखो संगणक ज्यावर उभे आहेत ते काम एकट्या, दमलेल्या माणसावर टाकणं ही या व्यवस्थेची खरी कमजोरी आहे. पण अर्ध्या सेकंदाचा संशय आलेल्या बाहेरच्या माणसाला थेट कोडपर्यंत जाऊन खात्री करता आली, तीही कोड उघडा होता म्हणूनच.

आणि चोरून घेतलेल्या बंद सॉफ्टवेअरच्या सुरक्षेबद्दल तर बोलायलाच नको. तालुक्याच्या गावांत ‘क्रॅक’ टाकून चालवलेल्या प्रती सर्रास दिसतात. तो क्रॅक कुणी बनवला, त्यात आणखी काय घातलं, हे कुणालाच माहीत नसतं, आणि त्याच संगणकावर लोकांची आधार कार्डं नि बँक पासबुकं स्कॅन होतात. शिवाय कायदा आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ६३-ब सांगतं की संगणक प्रोग्रॅमची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरली तर किमान ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. पत्रिका छापून चार पैसे मिळवणाऱ्या पोराच्या डोक्यावर ही तलवार कशासाठी? इंकस्केप आणि स्क्रायबसमध्ये पत्रिका होते, गिम्पमध्ये फोटो सुधारता येतो, व्हीएलसीवर जवळपास कोणताही व्हिडिओ चालतो. सगळं कायदेशीर.

अडचणी लपवून उपयोग नाही. कोरलड्रॉची जुनी फाइल इंकस्केपमध्ये दरवेळी जशीच्या तशी उघडेल असं नाही. सेवा केंद्रात लागणारी अंगठ्याची यंत्रं, डिजिटल सहीचे डोंगल, काही प्रिंटर यांची सॉफ्टवेअरं बहुधा विंडोज धरून केलेली असतात. अशा दुकानदाराला उद्यापासून लिनक्सवर ये म्हणणं चुकीचं ठरेल. त्याने विंडोज विकत घ्यावं आणि त्यावरच लिब्रेऑफिस, फायरफॉक्स, गिम्प वापरावं; ही सगळी विंडोजवरही चालतात. केंद्र सरकारने २०१५ मध्ये सरकारी कामात ओपन सोर्सला, म्हणजे सोर्स कोड खुला असलेल्या सॉफ्टवेअरला, प्राधान्य देण्याचं धोरण जाहीर केलं आहे. ते खाली तालुक्यापर्यंत झिरपायचं असेल तर सरकारी संकेतस्थळं आणि उपकरणं एकाच कंपनीच्या प्रणालीवर अडून राहता कामा नयेत.

शाळा आणि घर यांची गोष्ट वेगळी आहे. तिथे अडवणारं फारसं काही नाही. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नियमित सुरक्षा-अपडेट थांबली. विंडोज ११ ला नवा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप लागते, त्यामुळे शाळांच्या संगणक खोल्यांतले, देणगीतून आलेले कितीतरी संगणक चांगले चालत असूनही बाद ठरतात. त्यांच्यावर लिनक्स मिंट किंवा सी-डॅकचं बॉस लिनक्स चढवून पाहावं. आधी काही पुसायची गरज नाही: पेनड्राइव्हवर प्रणाली घेऊन त्यावरून संगणक सुरू करता येतो, आवाज, वायफाय, प्रिंटर चालतो का ते तपासता येतं, आणि पेनड्राइव्ह काढला की संगणक पूर्वीसारखा. जुन्या यंत्रात ४ जीबी मेमरी असेल तर मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती घ्यावी. मराठी टायपिंगसाठी आयबस या साधनात इनस्क्रिप्ट कीबोर्ड आहे, इंग्रजी उच्चारांवरून लिहिण्याची पद्धत आहे, गमभनही आहे. नेट धड चालत नसेल तिथे किविक्स वापरावं. अख्खा मराठी विकिपीडिया एका फाइलमध्ये उतरवून नेटशिवाय वाचता येतो. केरळने सरकारी शाळांतलं संगणक शिक्षण २०००च्या दशकातच मुक्त सॉफ्टवेअरवर नेलं आणि तिथली मुलं त्यावरच दहावीची संगणकाची परीक्षा देत मोठी झाली.

शिकवणार कोण, याचं उत्तर आयआयटी मुंबईतच आहे. प्रा. कन्नन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने तिथे स्पोकन ट्यूटोरियल प्रकल्प उभा राहिला. लिब्रेऑफिस, लिनक्स, पायथन, जावा असे विषय, साधारण दहा-दहा मिनिटांचे व्हिडिओ, आणि त्यांतले बरेच मराठीत. अर्ध्या पडद्यावर व्हिडिओ, अर्ध्यावर स्वतःचं काम. समोरचा जे करतो ते थांबवून करून पाहायचं. शिक्षक नसलेल्या ठिकाणी शिकता यावं अशीच त्याची रचना आहे. इंग्रजी येत नाही म्हणून पायथन अडलं, असं केजच्या मुलीला आता म्हणावं लागू नये.

आणि प्रोग्रॅमिंग न येणाऱ्यालाही करण्यासारखं काम आहे. ओपनस्ट्रीटमॅप हा २००४ पासून लोकांनी मिळून काढलेला जगाचा खुला नकाशा आहे. त्यात खातं उघडून आपल्या गावचा पाणंद रस्ता, वस्ती, बारव, पाझर तलाव काढता येतो. नावासाठी इंग्रजीबरोबर मराठीची वेगळी नोंद असते, तिथे ‘उत्तरेश्वर पिंपरी’ देवनागरीत लिहायचं. उपग्रहाच्या चित्रात पाण्याचा काळा ठिपका दिसतो, पण तो पाझर तलाव की शेततळं आणि लोक त्याला काय म्हणतात, हे चित्रावरून कळत नाही, गावातल्याच माणसाला कळतं. सुट्टीत आठवी-नववीची चार मुलं शिक्षकांबरोबर शिवार फिरली तर एका गावाचं काम उरकतं, आणि ते त्याच दिवशी क्यूजीआयएसमध्ये थर म्हणून उतरवून घेता येतं.